व्यायामाआधीची इन्स्टंट कॉफी: डबा निवडताना, चमचा भरताना

व्यायामाआधी घ्यायला महागड्या प्री-वर्कआउट पावडरीपेक्षा साधी इन्स्टंट कॉफी सरस. डब्यामागची बारीक अक्षरं मात्र वाचाच. 30 टक्के चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असेल तर कॅफीनही तेवढंच कमी, कारण चिकोरीत ते नसतंच. शुद्ध कॉफीच्या एका छोट्या चमच्यात, म्हणजे साधारण 2 ग्रॅमांत, 60 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन मिळतं.

खरा फरक जाणवतो तो वजनाच्या दर किलोमागे 3 मिलिग्रॅमला. 60 किलोच्या माणसाला 180, म्हणजे तीन चमचे, दीडशे मिली गरम पाण्यात, व्यायामाच्या तासभर आधी. कडूजहर लागते, पण दूध-साखर घातली की वजन उतरवण्याचा हिशेबच बिघडतो. धावायला, सायकलिंगला दम टिकतो. चरबी वितळण्याचे दावे फुगवलेले आहेत.

सवय नसेल तर एकाच चमच्याने सुरुवात करा, नाहीतर छातीत धडधड होते, हात थरथरतात. रिकाम्या पोटी पित्त उसळतं. संध्याकाळच्या जिमला नकोच: निम्मं कॅफीन उतरायलाच पाचेक तास लागतात आणि झोप उडते. जेवणाला लागून घेतल्यास अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. दिवसाची मर्यादा चहा धरून 400 मिलिग्रॅम, गरोदरपणी 200.