सायकमोरचं पांढरं व्हिनियर: नऊ महिने वापरल्यावर

दसऱ्यानंतर मागवलेलं सायकमोरच्या व्हिनियरचं, म्हणजे या लाकडाच्या कागदासारख्या पातळ पानांचं, बंडल आता संपत आलंय. 24 पानं होती, जाडी साधारण 0.6 मिलिमीटर. त्यातून मावशीच्या देवघराची दोन दारं, एक दागिन्यांची पेटी आणि तीन छोट्या फ्रेम झाल्या. नाशिकची थंडी, एप्रिल-मेचं कोरडं ऊन आणि आता पाऊस असं सगळं या पानांनी माझ्या घरी अनुभवलंय.

आधी नावाचा घोळ सांगते, कारण पैसे तिथेच वाया जातात. मार्केट्रीत, म्हणजे लाकडाची पातळ पानं कापून जोडलेल्या चित्रकामात, सायकमोर म्हणतात ते युरोपातलं एसर स्यूडोप्लॅटॅनस, मेपलचंच भावंड. व्हायोलिनच्या पाठीवर लाटा उठल्यासारखं जे लाकूड दिसतं ते बहुतेक वेळा हेच. अमेरिकेतलं सायकमोर मात्र चिनाराच्या जातीचं, आतून लालसर. आणि इजिप्तमधलं सायकमोर तर आपल्या उंबराचं नातलग! दुकानदाराला शास्त्रीय नाव विचारायचं आणि एक पान उजेडात धरून बघायचं.

मला पांढरं लाकूड हवं होतं ते प्राजक्तासाठी. मावशीला देवघराच्या दारावर प्राजक्ताचा सडा हवा होता, मागे काळसर शिसवी. अ‍ॅशचं लाकूड वापरून पाहिलं, पण त्याच्या रेषा इतक्या ठसठशीत की बोटाच्या पेराएवढ्या पाकळीत दोनच रेषा मावतात आणि पाकळी फळीच्या तुकड्यासारखी दिसते. आपल्याकडचा काळा कुडा पांढऱ्या रंगात याला नक्की टक्कर देईल, चन्नपट्टणची खेळणी परंपरेने त्याच्याच लाकडाची. पण त्याची व्हिनियरची पानं मला कुठे मिळाली नाहीत. सायकमोरचा पोत एकदम बारीक, रंग दुधावरच्या सायीसारखा. कटरखाली ते तुटत नाही, फक्त रेषेच्या दिशेने पातळ टोक काढताना जपावं लागतं.

या लाकडाचं खरं सुख गरम वाळूत आहे. लोखंडी कढईत पिठाच्या चाळणीने चाळलेली बारीक वाळू घ्यायची, मंद आचेवर चांगली तापवायची आणि चिमट्याने पाकळीची एक कड त्यात उभी खुपसायची. तळाची वाळू जास्त तापलेली, वरची कमी, त्यामुळे छटा आपोआप उतरती येते: टोकाला खरपूस तपकिरी, मग बदामी, मग काहीच नाही. माझ्या कढईत आठ-दहा सेकंद पुरतात. दर वेळी आधी रद्दी तुकडा बुडवून बघते. भाजल्यावर पाकळी सुकून आकसते आणि जागेवर सैल बसते. तेव्हा ओल्या स्पंजावरून एकदाच बोट फिरवून ते तिच्यावर लावायचं, दोन मिनिटांत ती पुन्हा भरते. गडद लाकडावर ही छटा दिसतच नाही. पाकळीला गोलाई येते ती पांढऱ्यावरच.

पहिलं दार मात्र माझ्या हातून बिघडलं. चित्र चिकटवून झाल्यावर सगळं एकत्रच पॉलिश पेपरने घासलं. शिसवीची काळी-तांबडी भुकटी पाकळ्यांत बसली. वर स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश कापडाने चोळलं. शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो. बघता बघता पाकळ्यांवर जांभळट ओघळ पसरले आणि परत घासलं तर व्हिनियरच संपेल इतकं ते पातळ. तीन आठवड्यांचं काम होतं. त्या संध्याकाळी मावशीला फोन करायचंही धाडस झालं नाही.

दुसऱ्यांदा पद्धत बदलली. पांढरी पानं कापण्याआधीच वरच्या बाजूने फिक्या, मेण काढलेल्या लाखेचे दोन पातळ हात दिले, म्हणजे भुकटी आत शिरत नाही. पॉलिश पेपरऐवजी स्टीलच्या पात्याचा स्क्रेपर वापरला, तो भुकटी नाही, सालं काढतो. आणि वरचे पहिले हात चोळून नाही, तर स्प्रे गनने अगदी धुक्यासारखे मारले. पाकळ्या पांढऱ्या राहिल्या.

ओलेपणा आणि लोखंड यांची गाठ मात्र पडू देऊ नका. वाकडी पानं पाण्याचा हलका फवारा मारून दाबायला ठेवली आणि वर लोखंडी पट्टी ठेवली, तर सकाळी पट्टीच्या आकाराचा राखाडी डाग उमटला होता. वर्तमानपत्रात दाबली तर शाईचं मागचं-पुढचं सगळं पानावर छापून येतं, त्यामुळे कोरा कागदच हवा. लोखंडाच्या या डागाचाच उपयोग जुन्या इंग्रज कारागिरांनी करून घेतला होता: हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात सायकमोर भिजवून चंदेरी करडं लाकूड बनवायचं, त्याला हेअरवुड म्हणतात, 18व्या शतकातल्या फर्निचरमध्ये ते भरपूर सापडतं. मी पेलाभर पाण्यात चिमूटभर हिराकस टाकून तुकडे भिजवले. रामकुंडावरच्या पायऱ्यांची एक छोटी फ्रेम केली, तिच्यातला दगड आणि कबुतरं दोन्ही त्यातूनच निघाली. रंगवलेल्या व्हिनियरला हा दगडी करडेपणा येत नाही.

चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल, रोलरने पातळ, आणि रात्रभर दाब. रबर सोल्युशनच्या वाटेला जाऊ नका, वरच्या पॉलिशमधल्या थिनरने ते मऊ पडतं आणि फुगे येतात. फळीच्या मागच्या बाजूलाही व्हिनियर लावलं पाहिजे, मग ते स्वस्तातलं असलं तरी चालेल. माझ्या पेटीचं झाकण एकाच बाजूने मढवलं होतं, ते जूनच्या पहिल्या आठवड्यातच वाकलं. दारं दोन्हीकडून मढवली आहेत, ती अजून सरळ आहेत.

तक्रार म्हणाल तर दोन. विक्रेत्याने पानं गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत पाठवली, चार पानं उभी चिरलेली निघाली आणि बदलून मिळाली नाहीत. चौरस फुटाला 110 रुपये दिल्यावर सपाट पॅकिंग मागायचा हक्क आपल्याला आहे, तो ऑर्डर देतानाच बजावा. दुसरी तक्रार लाकडाच्या स्वभावाची: ते पिवळं पडतं. पूर्वेच्या खिडकीत ठेवलेल्या फ्रेमला मी फेब्रुवारीत एक छोटा फोटो टेकवून ठेवला होता. मेमध्ये उचलला, तर त्याच्या मागे पांढरा चौकोन, बाकी सगळं लोण्यासारखं. तेलाचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, तर स्वतःच पिवळं होत जातं. मावशीच्या दारांना मी पाण्यातलं, ऊन अडवणारं पीयू दिलं, तिथे फरक कमी आहे, पण आहे. तिला तो आवडलाय. खरा प्राजक्तही दुपारपर्यंत असाच होतो, म्हणाली.

उरलेली पाच पानं काळ्या प्लास्टिकमध्ये, दोन प्लायच्या मध्ये सपाट ठेवली आहेत. पुढचं बंडल हेच मागवतेय, या वेळी एकाच ओंडक्याची लागोपाठची पानं, क्रमांक घालून.