डिफ्रॅगला न जुमानणाऱ्या फाइली: कोणता उपाय निवडावा?

डिफ्रॅग (तुकड्यांत विखुरलेल्या फाइली डिस्कवर पुन्हा सलग करणे) पूर्ण झाले, डिस्क शून्य टक्के विखुरलेली असल्याचे विंडोजने सांगितले, आणि तरीही दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तपासल्यावर त्याच चार-पाच फाइली शेकडो तुकड्यांत पडलेल्या दिसतात, ही तक्रार फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क वापरणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. अशा वेळी पुन्हा पुन्हा डिफ्रॅग चालवण्यात अर्थ नसतो. फाइल का हलत नाही किंवा का जुळत नाही, हे आधी ओळखावे लागते, कारण उपायाची निवड त्यावरच ठरते.

प्रथम आकड्यांकडे पाहावे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हेड (डेटा वाचणारा, हलणारा भाग) योग्य जागी नेण्यास साधारण ९ मिलिसेकंद आणि हवा असलेला भाग हेडखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे सुमारे १३ मिलिसेकंद वाया जातात. चार जीबीचा चित्रपट साठ तुकड्यांत असेल, तर तो पूर्ण वाचताना एक सेकंदही वाया जात नाही, आणि सेकंदाला १५० एमबी वेगाने तेवढे वाचायला तसेही सत्तावीस सेकंद लागतात. उलट आउटलुकची दोन जीबीची पीएसटी फाइल (ज्यात ईमेल साठवले जातात ती) नऊ हजार तुकड्यांत असेल, तर चौदा सेकंदांच्या वाचनात जवळपास दोन मिनिटांची भर पडते. पहिली फाइल तशीच सोडून द्यावी आणि दुसरीसाठी कष्ट घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंडोजचा अंगभूत डिफ्रॅग प्रोग्रॅम ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ हाच विचार करतो. ६४ एमबी किंवा त्याहून मोठा तुकडा तो विखुरलेला मानतच नाही, कारण तेवढा तुकडा वाचण्याच्या वेळेपुढे हेड हलवण्याचा वेळ तीन टक्क्यांच्या आसपास राहतो. त्यामुळे दोन प्रोग्रॅमच्या अहवालांत फरक दिसतो, आणि ‘हट्टी’ वाटणाऱ्या बऱ्याच फाइली या फरकातूनच निर्माण झालेल्या असतात. दर आठवड्याला आपोआप चालणे, वापरात असलेल्या बहुतेक फाइलीही सुरक्षितपणे हलवणे आणि वेगळे काही बसवावे न लागणे हे त्याचे गुण आहेत. मात्र कोणती फाइल किती तुकड्यांत आहे हे तो सांगत नाही आणि एकाच फाइलीवर काम करू देत नाही.

तेथे सिसइंटर्नल्सचे ‘कॉन्टिग’ हे छोटे साधन सरस ठरते. मार्क रुसिनोविच यांचे हे मोफत साधन मायक्रोसॉफ्टकडूनच मिळते, ते इन्स्टॉल करावे लागत नाही, आणि फाइल हलवण्यासाठी ते विंडोजचीच यंत्रणा वापरते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून फाइलीच्या नावाआधी विश्लेषणाचा ‘ए’ हा स्विच (आज्ञेला जोडायचा पर्याय) दिला की तुकड्यांची संख्या समोर येते, आणि तो स्विच काढून तीच आज्ञा पुन्हा दिली की फाइल जुळवण्याचे काम सुरू होते. आउटलुक किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा आभासी संगणक) बंद करून त्यांच्या फाइलींवर ते चालवावे. ज्यांना आज्ञा टाइप करणे जड जाते त्यांना पिरिफॉर्मचे ‘डिफ्रॅगलर’ सोयीचे वाटेल. तुकड्यांच्या संख्येसह फाइलींची यादी दाखवून त्यातल्या निवडक फाइली ते जुळवते, आणि संगणक सुरू होतानाच काम करण्याचा पर्यायही देते. परंतु त्याची शेवटची आवृत्ती २०१८ मधली असल्याने मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

या दोघांचीही एक समान मर्यादा आहे. वीस जीबीची फाइल एकसंध करायची असेल, तर डिस्कवर वीस जीबीची सलग मोकळी जागा लागते. एकूण तीस जीबी मोकळे असूनही ते ठिकठिकाणी विखुरलेले असेल तर कोणतेही साधन हतबल होते. म्हणून आधी जुन्या फाइली काढून टाकाव्यात, मग विंडोजच्या डिफ्रॅग आज्ञेला ‘एक्स’ हा स्विच देऊन मोकळी जागा एकत्र करावी आणि नंतरच कॉन्टिग चालवावे. येथे एक सावधगिरी बाळगावी: नेहमीच्या ४ केबी क्लस्टरच्या (फाइलीला जागा देण्याच्या सर्वांत लहान एककाच्या) डिस्कवर खूप फाइली हलल्या की सिस्टिम रिस्टोअरच्या (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याच्या सोयीच्या) जुन्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

पेजफाइल (मेमरी अपुरी पडल्यावर विंडोज वापरते ती फाइल) आणि हायबरनेशनची फाइल (संगणक बंद करताना चालू काम जिच्यात साठवले जाते ती) यांचा प्रकार निराळा आहे. विंडोज चालू असताना त्या विंडोजच्याच ताब्यात असतात, त्यामुळे त्या हलवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा नव्याने तयार होऊ देणे सोपे पडते. ‘पॉवरसीएफजी’ आज्ञेने हायबरनेशन बंद केले की ती फाइल नाहीशी होते (त्यासोबत संगणक लवकर सुरू करणारी फास्ट स्टार्टअप सोयही बंद होते). पेजफाइल तात्पुरती काढून संगणक पुन्हा सुरू करावा, डिफ्रॅग करावे आणि मग किमान व कमाल आकार सारखाच ठेवून ती परत बसवावी. एनटीएफएसचे (विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीचे) कॉम्प्रेशन लावलेल्या फाइली मात्र ६४ केबीच्या गटांत साठवल्या जात असल्याने सहज विखुरतात. त्यांचे कॉम्प्रेशन काढणे हाच खरा उपाय आहे.

सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर नेऊन, फॉरमॅट करून परत आणणे हा जुना मार्ग केवळ डेटाच्या पार्टिशनसाठी निवडावा. त्यात एक फसगत होते: सेक्टरनिहाय इमेज (डिस्कच्या प्रत्येक छोट्या भागाची जशीच्या तशी नक्कल) घेऊन ती परत टाकली तर तुकडेही जसेच्या तसे परत येतात, त्यामुळे नक्कल फाइलनिहायच करावी लागते. शिवाय मूळ फाइली पुसण्याआधी प्रती उघडून पाहणे अनिवार्य आहे. कोणताही मार्ग निवडला तरी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कची प्रकृती आधी तपासावी. बदललेल्या किंवा प्रलंबित (म्हणजे खराब झालेल्या वा खराब असल्याची शंका असलेल्या) सेक्टरांची संख्या वाढत असेल तर डिफ्रॅग करूच नये, बॅकअप घेऊन डिस्क बदलावी.

आणि बदलायचीच असेल तर एसएसडी घ्यावी. तिच्यात हलणारे हेड नसल्यामुळे तुकड्यांची किंमत नगण्य होते, विंडोजही तिच्यावर मुख्यतः ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे डिस्कला कळवणे) चालवते, आणि तिच्यावर बाहेरचे डिफ्रॅग साधन चालवणे म्हणजे तिचे लेखन-आयुष्य विनाकारण खर्च करणे होय. फिरतीच डिस्क वापरात ठेवायची असेल, तर टॉरेंट प्रोग्रॅममध्ये फाइलीची पूर्ण जागा आधीच राखून ठेवण्याचा पर्याय चालू करावा आणि व्हर्च्युअल मशीनची डिस्क वाढत जाणारी न ठेवता ठरावीक आकाराची करावी; नाही तर कॉन्टिगने जुळवलेली फाइल वापराबरोबर पुन्हा तुकड्यांत जाते.