एसबीआर मैलापाणी केंद्र: मुठेच्या मापाने

मैलापाणी शुद्धीकरण केंद्राला गुण द्यायचे तर आधी नदी कोणती, ते विचारायला हवं. पावसाळा सोडला तर खडकवासल्याच्या खाली मुठेत धरणाचं पाणी नावापुरतंच उतरतं. ते कालव्यात आणि आपल्या नळात गेलेलं असतं. पुणे शहरातून वाहतं ते मुख्यतः आपण वापरून सोडलेलं पाणी. घाण पातळ करायला वरून काहीच येत नाही, म्हणून इथे केंद्राला कडकच तपासलं पाहिजे.

नव्या केंद्रांत एसबीआर (सिक्वेन्सिंग बॅच रिअ‍ॅक्टर, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने टप्पे) पद्धत बरीच दिसते. आधी 20 आणि 6 मिमीच्या जाळ्या, मग वाळू काढायची टाकी आणि पुढचं सगळं एकाच टाकीत. चक्र साधारण चार तासांचं: दोन तास पाणी भरत हवा द्यायची, तासभर गाळ, म्हणजे घाण खाणारे जिवाणूच, बसू द्यायचा, तासभर वरचं निवळ पाणी डिकँटरने (वरचा थर ओढणाऱ्या यंत्राने) काढायचं. सेंद्रिय घाण काढण्यात ही पद्धत चोख आहे. 200-250 मिग्रॅ प्रतिलिटर बीओडीचं (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचं माप) पाणी नीट चालवलेल्या टाकीतून 10 च्या खाली येतं. शिवाय जागा कमी लागते. एवढ्यापुरते पाचपैकी साडेचार.

टाकीची तब्येत ओळखायची तर एक लिटरचं मोजपात्र पुरतं. हवा चालू असताना टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास हलवायचं नाही. गाळाचं प्रमाण लिटरला 3 ग्रॅमच्या आसपास असेल तर तो 250-300 मिलीच्या रेषेवर बसावा, रंग तपकिरी, वास ओल्या मातीचा. 600 वरच अडला तर तंतूसारखे जिवाणू माजलेत. हवा चालू असतानाही पाण्यातला विरघळलेला प्राणवायू लिटरला 2 मिग्रॅच्या खालीच राहत असेल तर हे होण्याची शक्यता वाढते. नीट बसलेला गाळ तास-दोन तासांनी गोळ्यागोळ्यांनी वर आला तर तळाशी नायट्रेटमधून नायट्रोजन वायू सुटतोय. काळपट रंग आणि सडका वास आला तर हवा पोचतच नाही: ब्लोअर (हवेचा पंखा) बंद, नाहीतर तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरच्या रबरी पडद्याची छिद्रं बुजलेली. केंद्राची निम्म्याहून जास्त वीज या हवेवर जाते, त्यामुळे काटकसरीचा पहिला घाव ब्लोअरवर पडतो. तो नदीला महागात पडतो.

पावसाळ्यात दोन गुण कमी. पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये घुसतं, आवक फुगते, चक्र आखूड करावं लागतं. बसायला वेळ न मिळालेला गाळ डिकँटरवरून थेट नदीत जातो, आणि पुन्हा तेवढे जिवाणू वाढायला आठवडे लागतात. गढूळ पाण्यात जंतू मारायला घातलेला क्लोरीनही फुकट जातो. कणांच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत तो पोचत नाही.

खरी उणीव नायट्रोजन-फॉस्फरसची. एक मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार मिग्रॅहून जास्त प्राणवायू लागतो. ते काम टाकीत झालं नाही तर नदीत होतं, आणि माशांच्या वाट्याचा प्राणवायू संपतो. फॉस्फरससाठी चक्रात हवा बंद ठेवलेला टप्पा किंवा फेरिक क्लोराइडचा डोस लागतो. तो टाळला की बीओडी उत्तम असूनही मुळा-मुठेवर जलपर्णीची गादी पसरते आणि उरलेलं खत भीमेतून उजनीत जमा होतं. इथे दोनच गुण.

भैरोबा नाल्याचं केंद्र रोज 130 दशलक्ष लिटरचं. जायका या जपानी संस्थेच्या 2016 च्या कर्जातून आखलेली 11 केंद्रं मिळून 396 दशलक्ष लिटरची. हे आकडे टाक्यांच्या क्षमतेचे. वाटेतलं चेंबर वाइप्स, सॅनिटरी पॅड आणि हॉटेलांच्या थिजलेल्या तेलाने तुंबलं की मैलापाणी नाल्याला लागतं, आणि त्यापुढे उत्तमातलं उत्तम केंद्रही काही करू शकत नाही.

केंद्राचा अहवाल पाहायला मिळाला तर बीओडीशेजारी अमोनिया आणि फॉस्फेटचे रकाने शोधा, आणि नमुना किती वाजताचा तेही पाहा. सकाळच्या गर्दीच्या वेळचा असेल तरच तो धरायचा. पहाटे तीनला कुठल्याही केंद्राचं पाणी नितळच असतं.