लाकडी रंध्याचा तळ सपाट करायचा आहे: काचपेपर, लोखंडी रंधा, स्क्रॅपर की मशीन?

घरी बनवलेला रंधा, मग तो बाभळीच्या एका ठोकळ्यातून कोरलेला असो की सागाच्या पट्ट्या फेविकॉलने जोडून केलेला, पहिल्यांदा चालवला की बहुतेकांची तक्रार सारखीच राहते, मधे घेते आणि टोकाला सोडते, नाहीतर पातं कितीही ठोका काहीच घेत नाही आणि मग एकदम खड्डाच पाडते. लोक पात्याला धार लावत बसतात, दोष बहुतेक वेळा तळात असतो.

तळ सपाट करायचे चार रस्ते आहेत आणि कोणता घ्यायचा हे तुमच्याकडे काय सामान आहे यापेक्षा तळाचा आकार काय बिघडला आहे आणि लाकूड किती काढावं लागणार आहे यावर ठरवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण तोंड, म्हणजे तळातली ती फट जिथून पातं बाहेर येते. पातं 45 अंशात बसलेलं असेल तर तळातून 1 मिमी लाकूड गेलं की पात्याची धार सरळ 1 मिमी मागे सरकते, त्यात फटीची समोरची भिंत वर उघडत जाणारी असेल तर तोंड आणखी मोठं होते. बारीक कामाच्या रंध्याला तोंड अर्ध्या मिमीच्या आसपास पाहिजे, म्हणजे तळ आरशासारखा करण्याच्या नादात 1 मिमी खाल्लं तर फिनिशिंगचा रंधा ओबडधोबड कामाचा होऊन जाते. म्हणून नवीन बनवत असाल तर तोंड आधी घट्ट ठेवा, तळ करून घ्या, मग कानशीने हळूहळू उघडा.

अजून एक, पद्धत कोणतीही असो, पातं आणि पाचर जागेवर ठोकूनच तळ करायचा, फक्त पातं दोन-तीन मिमी आत ओढून. पाचर दाबली की लाकडाचं अंग थोडं वाकते, रिकाम्या रंध्याचा तळ सपाट केला आणि मग पाचर ठोकली तर केलेली मेहनत गेली. आता तपासायचं कसं, तर स्टीलची पट्टी उभी धरून मागून मोबाइलचा टॉर्च मारा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत. पिळ, म्हणजे तळाचे कोपरे उलटसुलट वळलेले, आहे का ते बघायला पुढे आणि मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एकीच्या वरून दुसरी बघा. नाक (पुढचं टोक), तोंडाच्या अगदी पुढचा भाग आणि शेपूट (मागचं टोक), हे तीन एका पातळीत आले की रंधा चालते, मधल्या जागी थोडं खोलगट राहिलं तरी काही बिघडत नाही. फक्त तोंडाच्या पुढचा काठ खोल नको, तोच लाकूड दाबून धरतो आणि तो सुटला की लाकूड उचकटते.

काचपेपर सगळ्यांना आधी सुचते, कारण त्यात पात्याची कला लागत नाही. 80 नंबरचा पेपर सपाट बेसवर चिकटवायचा, तळावर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा मारायच्या, रंधा फिरवायचा, रेघा पुसल्या की 120, मग 180. बेससाठी काचेच्या दुकानातला जाड काचेचा तुकडा नाहीतर किचन ओट्याच्या ग्रॅनाइटचं पॉलिश केलेलं उरलेलं कटिंग चांगलं, तालुक्याच्या टाइल्सवाल्याकडे असे तुकडे पडलेले असतात. साधी कडप्पा फरशी घेऊ नका भाऊ, ती डोळ्याला सपाट दिसते पण पट्टी ठेवा आणि उजेड बघा. 5 मिमीची काचही वाकड्या टेबलावर ठेवली तर टेबलासारखीच वाकते.

पण पेपर सगळ्या तळांना चालत नाही, आणि इथेच जास्त लोक फसतात. तळ मधे खोलगट असेल तर पेपर उत्तम, काहून की रंधा नाक आणि शेपटीवर टेकून स्थिर राहते आणि जे उंच आहे तेच झिजते. तळाला पोट आलं असेल तर मात्र रंधा पेपरवर झुलते, हात पुढे गेला की नाक घासते, मागे आला की शेपूट, आणि पोट जास्तच गोल होत जाते. शिवाय पेपर पुढे जरा उचलला जातो म्हणून कडा तशाही थोड्या गोल होतातच. बाभूळ किंवा शिसम असेल तर तासन् तास लागतात. आणि पेपरचे कण लाकडात रुतून राहतात, ते नंतर तुमच्याच कामावर ओरखडे पाडतात आणि धार खातात, म्हणून शेवटी ब्रश मारून तळावर स्क्रॅपरचा, म्हणजे खरडायच्या पोलादी पत्र्याचा, एक हलका हात फिरवायचाच.

लोखंडी रंध्याचं याच्या उलट. 5 नंबरचा, म्हणजे 14 इंची, जॅक रंधा असेल आणि पात्याची धार सरळ असेल तर जे पेपरला दुपारभर लागते ते पाच-दहा हातांत होते, आणि पोट आलेल्या तळावर सुरुवात यानेच करावी, आधी फक्त उंचवट्यावर आखूड हात, मग शेवटी नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण लांब हात. ज्याने रंधायचं तो निदान ज्याला रंधायचं त्याच्याएवढा लांब पाहिजे, 9-10 इंची लाकडी रंध्याला जॅक पुरते, 22 इंची लाकडी रंध्याला पुरणार नाही. अडचणी दोन. वाइसमध्ये (शिकंज्यात) गालांवर, म्हणजे दोन्ही बाजूंवर, दाबून धरलं तर तिथे आतून पोकळ असल्याने अंग दबते, सोडल्यावर तळ वेगळाच निघते, म्हणून नाकाकडच्या भरीव भागाला धरा किंवा बेंचवर अडणी ठोकून त्याला टेकवा. दुसरं म्हणजे तोंडावरून जाताना काठ फुटायची भीती, तर एकदम बारीक ढलपी घ्या आणि ग्रेन, म्हणजे लाकडाचे रेषे, कुठे जाते ते बघून दिशा ठरवा. तुमच्याकडे असा सेट केलेला लोखंडी रंधा नसेल तर फक्त या कामासाठी घेऊ नका, नवीन लोखंडी रंध्याचा तळही पट्टी लावून तपासावा लागते.

स्क्रॅपर, माझी पसंती ही. जुन्या करवतीच्या पात्याचा आयताकृती तुकडा, कड सरळ घासून बारीक वळवलेली, बस. पट्टी ठेवायची, जिथून उजेड येत नाही ती जागा पेन्सिलने रंगवायची, तेवढीच खरडायची, परत पट्टी. सर्वात कमी लाकूड यातच जाते, तोंड वाचते, पिळ असेल तर समोरासमोरचे दोन कोपरेच उतरवता येतात, हे पेपरला नीट जमत नाही. जपानी सुतारांच्या कान्ना रंध्याला तर यासाठी वेगळा रंधा असतो, दाई-नाओशी, पातं जवळपास उभं, आणि तो ग्रेनला आडवा चालवून मधले भाग मुद्दाम खोल करतात, टेकायच्या जागा तेवढ्या शिल्लक ठेवतात. आडवं खरडलं की लाकूड उचकटत नाही. तोटा असा की 1 मिमीचं पोट याने काढायचं म्हणजे संयमाची परीक्षा, आणि खात्रीची सरळ पट्टी नसेल तर सगळं अंदाजपंचे.

मशीन म्हणजे आरा मशीनवाल्याकडचा किंवा फर्निचरवाल्याकडचा प्लेनर. कोरा ठोकळा सरळ करायला जा, जरूर जा. तयार रंधा नेऊ नका. पातं बहुतेक वेळा काढूनच लावावं लागते, म्हणजे पाचरीचा ताण नसतानाचा तळ मिळते, आखूड तुकडा मशीनवर धरणं बोटांसाठी धोक्याचं, आणि एका पासमध्येच एवढं जाते की तोंड हातचं गेलं समजा. हातात धरायच्या इलेक्ट्रिक प्लेनरचाही उपयोग नाही.

म्हणजे खोलगट आणि थोडंसंच असेल तर पेपर, पोट मोठं असेल तर लोखंडी रंध्याने उंचवटा उतरवून शेवट स्क्रॅपरने, पिळ किंवा कुठे कुठे ठिपके उंच असतील तर सरळ स्क्रॅपर, आणि काहीच ठरत नसेल तरी स्क्रॅपर, कारण त्यात चुकलं तर थोडंच चुकते.

कधी करायचं हेही आपल्याकडे महत्त्वाचं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या वर जाते, लाकूड पार सुकते, आणि जुलैत पाऊस लागला की तेच फुगते. उन्हाळ्यात केलेला तळ पोळ्यापर्यंत टिकेलच असं नाही. पक्का तळ दिवाळीनंतर करा, हवा तेव्हा मधली असते, आणि लाकूड ओलं वाटत असेल तर ढोबळ करून महिना-दोन महिने सोडून द्या. उन्हाळ्यात रंधा टिनाच्या छपराखाली तापू देऊ नका आणि कूलरसमोरही ठेवू नका, एका बाजूने ओली हवा लागली की वाकायला वेळ लागत नाही.

झाल्यावर कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात सगळ्या अंगाला द्या, फक्त तळाला नाही, नाहीतर एक बाजू हवेतली ओल ओढते आणि दुसरी नाही. तेल जिरून वाळलं की तळावर मेणबत्ती घासा, रंधा हलका चालते. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते.