ह्यांच्या पायाची कळ: स्टिम्युलेटर बसवायचा की पंप?

मणक्याचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली, तरी ह्यांच्या डाव्या पायाची कळ गेली नाही. सरकलेली गादी काढली, एमआरआयमध्ये आता काही दाबलेलं दिसत नाही. पण रात्री पोटरीची आग होते, मध्येच करंट बसल्यासारखं होतं, पायावर चादर सोसत नाही. प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने गुंगी येते आणि पाय सुजतात. मुंबईच्या पेन स्पेशालिस्टनी आता दोन यंत्रांचं नाव काढलं आहे. दोन महिने डॉक्टरांना विचारून, वाचून जे कळलं ते लिहिते.

स्टिम्युलेटरमध्ये मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा सरकवतात आणि बॅटरी कमरेखाली कातडीच्या आत बसवतात. विजेचे हलके ठोके वेदनेचा निरोप वरपर्यंत जाताना त्यात फेरफार करतात. ही पद्धत १९६७ पासूनची आहे. पंप पोटाच्या कातडीखाली असतो; त्याची नळी थेट मणक्यातल्या पाण्यात औषध सोडते. म्हणून मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक तोंडाने घ्यायच्या मात्रेच्या सुमारे १/३०० इतकंच लागतं.

मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो ट्रायलचा. स्टिम्युलेटरच्या तात्पुरत्या तारा सुईने घालून, बॅटरी बाहेर कमरेला बांधून माणसाला पाच-सात दिवस घरी पाठवतात. दुखणं निम्म्याने तरी कमी झालं तरच पुढचं ऑपरेशन. नाहीतर तारा ओढून काढतात. म्हणजे तो आठवडा स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या जिन्यावर काढता येतो. पंपाची चाचणीही असते, पण ती बहुधा दवाखान्यातच, एखाद्या इंजेक्शनवर किंवा दोन-चार दिवसांच्या नळीवर.

दुसरा फरक अंतराचा. आम्ही चिपळूणला राहतो. पंपात औषध भरायला साधारण एक ते तीन महिन्यांनी जावं लागतं, आणि ते काम प्रत्येक दवाखान्यात होत नाही. घाटात दरड कोसळली म्हणून तारीख चुकवता येणार नाही, कारण औषध अचानक थांबलं तर त्रास गंभीर होतो. भरल्यानंतर माणूस जास्त झोपाळला, श्वास मंदावला तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. स्टिम्युलेटरची रिचार्जेबल बॅटरी घरीच चार्ज करायची. पावसाळ्यात दिवे जातात, तेवढं आधी भरून ठेवायचं भान हवं. चार्ज न करायची बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते, म्हणजे पुन्हा छोटं ऑपरेशन.

त्रास दोन्हीकडे आहेत. जंतुसंसर्ग झाला तर यंत्र काढावंही लागतं. तारा जागेवरून सरकू शकतात, म्हणून पहिले काही आठवडे वाकणं, पिळणं, कळशी उचलणं बंद. आणि फिजिओथेरपीत डायथर्मीचा, म्हणजे यंत्राच्या लहरींनी आतून ऊब देणारा शेक देतात, तो या यंत्रांना चालत नाही. आत भाजू शकतं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

आता जे मला सगळ्यात जास्त सलतं ते. २०२२ साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी ह्यांच्यासारख्याच, कमरेच्या ऑपरेशननंतर पाय दुखणाऱ्या ५० जणांना स्टिम्युलेटर बसवला आणि यंत्र कधी चालू, कधी बंद ठेवलं, रुग्णाला न सांगता. दोन्ही काळांत रोजच्या हालचालींत म्हणावा असा फरक पडला नाही. त्यांनी ठोक्यांचा एकच प्रकार वापरला होता, हे खरं; तरी डॉक्टरांना मी हे थेट विचारलं. ते म्हणाले, ‘म्हणूनच ट्रायलमध्ये आकड्यांपेक्षा रुग्ण काय करू शकतो ते बघा.’ हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं. पण मनाने धरलेली आशा पाच दिवस टिकते, हेही मी विसरणार नाही.

खर्च दोन्हीचा काही लाखांत. विमा कंपनीकडून ट्रायल आणि यंत्र, दोन्हींची मंजुरी लेखी घ्या. फक्त यंत्राची घेतली तर ट्रायलचं बिल अंगावर यायची भीती.

माझं मत स्टिम्युलेटरच्या ट्रायलकडे झुकलं आहे. तो नाही लागू पडला तरच पंपाचा विचार, आणि तेव्हा काही काळ मुंबईजवळ राहण्याची तयारी ठेवूनच. ट्रायलच्या आठवड्यासाठी ह्यांनी वहीत तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: सलग चार तास झोप, बाजारापर्यंत चालत जाणं, आणि पायावर चादर.