वर्षभर वापरल्यावर: आवाज झकास, पण पन्नासाव्या मिनिटाला तेरीज जुळत नाही

रेकॉर्डर कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. हातात मावणारा, डोक्यावर दोन माइक, दोन पेन्सिल सेल, मायक्रो एसडी कार्ड, दहा हजारांच्या आतबाहेर. या किमतीतले सगळे थोड्याफार फरकाने सारखेच असतात, त्यामुळे स्पेसिफिकेशन सांगत बसत नाही. आवाजाबद्दल एका वाक्यात: लॅपटॉपच्या माइकवर मी विहिरीत बसून शिकवते असं वाटायचं, यावर मी समोर बसून शिकवते असं वाटतं. तो विषय संपला.

आता खरा विषय. मी बारावी कॉमर्सला पुस्तपालन शिकवते, मराठी माध्यम. स्लाइड लॅपटॉपवर, स्क्रीनचं रेकॉर्डिंग ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये, आवाज वेगळा या रेकॉर्डरवर, आणि नंतर दोन्हींची जोडणी. पहिल्या मिनिटाला सगळं चोख बसतं. पंचविसाव्या मिनिटाला काहीतरी खटकतं, पण नक्की काय ते कळत नाही. पन्नासाव्या मिनिटाला माझा आवाज चित्राच्या मागे पडलेला असतो, साधारण ०.४ सेकंद. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे तीस चित्रं, असलेल्या व्हिडिओत बारा फ्रेम.

बारा फ्रेमनी काय बिघडतं असं विचाराल तर भागीदारी संस्थेची अंतिम खाती शिकवून पाहा. समायोजनं येतात शेवटी, म्हणजे घसरण सगळ्यात जास्त असते तेव्हाच. अदत्त मजुरीचं समायोजन घ्या. पॉइंटर आधी व्यापार खात्याच्या नावे बाजूला मजुरीवर, तिथून लगेच ताळेबंदाच्या देयता बाजूला. मी "इथे मिळवायची" म्हणते तोवर पॉइंटर व्यापार खातं सोडून निघालेला असतो. एका मुलीने सरळ विचारलं, "मॅडम, इथे म्हणजे नक्की कुठे?" मी आयुष्यभर पोरांना पैशाचाही फरक सोडू नका म्हणून सांगितलं, आणि माझ्याच व्हिडिओत रोज बारा फ्रेमचा फरक. तेरीज जुळली नाही की फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात ठेवतात, पण हा फरक तिथे टाकूनही मोकळं होता येत नाही.

"टीव्हीवर एवढं चालतं" असंही ऐकवलं गेलं, म्हणून तेही बघून घेतलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ची शिफारस आहे: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवायला लागतं. मागे पडलेला आवाज जास्त खपतो, कारण लांबच्या वस्तूचा आवाज उशिराच येतो याची कानाला सवय असते. माझा ४०० मिलिसेकंद मागे, म्हणजे त्या हद्दीच्या तिप्पटीहूनही पलीकडे. आणि तो हिशोब बोलणाऱ्या माणसाचं तोंड दिसतं तेव्हाचा आहे. स्लाइडमध्ये तोंड नसतं हे खरं, पण पॉइंटर असतो, आणि पोरं त्याच्याकडे तोंडापेक्षा जास्त बघतात.

मग सल्ले सुरू झाले. निम्म्या लोकांनी ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने घ्यायचे त्या आकड्यावर, खापर फोडलं. रेकॉर्डर ४४.१ वर ठेवलाय, व्हिडिओ ४८ मागतो, म्हणून घसरतो. रेकॉर्डर ४८ वर ठेवावा हे बरोबर, मी ठेवलाय. पण ४४.१ची फाइल चुकून ४८ समजून वाजवली तर तासाचं लेक्चर ५५ मिनिटं साडेसात सेकंदांत संपेल आणि मी चिरक्या आवाजात पळत सुटेन. तो रोग पाच मिनिटांचा आहे, माझा अर्ध्या सेकंदाच्या आतला. दोन्हींना एक औषध कसं चालेल?

दुसरा सल्ला जरा बरा होता: फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड केली की बऱ्याचदा फ्रेम रेट एकसारखा राहत नाही. स्लाइड दोन मिनिटं हललीच नाही तर फोन फ्रेम वाचवतो, आणि काही एडिटर त्या फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतात. पण ओबीएस ठरलेल्या रेटने रेकॉर्ड करतं, तिथे माझं पाणी मुरत नव्हतं. फ्रेम रेटचा आजार आणि यंत्राच्या आतलं घड्याळ चुकण्याचा आजार वेगळे ओळखायची सोपी खूण म्हणजे फाइलचा मध्य बघायचा. शेवटी ०.४ आणि बरोबर मध्यावर ०.२ असेल, तर घसरण सरळ रेषेत आहे, म्हणजे घड्याळाचं दुखणं. कुठे ०.१, कुठे ०.६, पुन्हा ०.३ असं निघालं तर फ्रेम रेट. एकाच जागी एकदम उडी असेल तर रेकॉर्डिंग तिथे अडखळलंय, तेवढाच तुकडा कापून सरकवायचा. माझी रेषा फूटपट्टीने आखावी तशी सरळ.

म्हणून सर्व्हिस सेंटर. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तुर्भे, पुढे रिक्षा. काउंटरवरच्या मुलाला मी छापील कागद दाखवला: सुरुवात, मध्य, शेवट, तिन्हीकडचा फरक. त्याने कागद बाजूला ठेवला, रेकॉर्डर चालू केला, स्क्रीनवरची वेळ बघितली, स्वतःच्या मोबाइलशी ताडली आणि म्हणाला, "मॅडम, घड्याळ बरोबर आहे. दोन मिनिटं मागे होतं, मी सेट करून दिलं." मी म्हटलं, अरे बाबा, हे घड्याळ नव्हे. आत स्फटिक असतो, तो सेकंदाला किती नमुने मोजायचे ते ठरवतो, तो जरा घाईत आहे. त्याने आत जाऊन कुणाला तरी विचारलं. जॉब शीटवर "नो फॉल्ट फाउंड", तपासणीचे ५०० आणि वर १८ टक्के जीएसटीचे ९०. दोष सापडला नाही म्हणून पैसे घ्यायचे, हे कुठल्या लेखा तत्त्वात बसतं ते मला कुणी सांगावं. कंपनीला मेल केला की या यंत्राचं घड्याळ दहा लाखात किती चुकलं तर तुम्ही चालवून घेता, तो आकडा कळवा. मॅन्युअलमध्ये तो नाही. उत्तर आलं, बॅटरी काढून पुन्हा घाला.

इथवरचा मजकूर लिहिला तेव्हा मी पाचपैकी दोनच तारे दिले होते. पुढचं नंतर घडलं.

माझा एक जुना विद्यार्थी घणसोलीत व्हिडिओ एडिटिंग करतो. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅम, सुरुवातीला टाळी वाजवता ना? मग शेवटी पण वाजवा." एवढंच. सुरुवातीची टाळी फक्त फाइल कुठे ठेवायची ते सांगते. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही फाइलींमध्ये मोजलं की कोण किती घाईत आहे ते कळतं. स्क्रीनच्या फाइलमध्ये ३००० सेकंद, रेकॉर्डरच्या फाइलमध्ये ३०००.४. म्हणजे आवाज ०.०१३ टक्के जास्त वेगाने वाजवायचा. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलायचा इफेक्ट आहे, तिथे आकडा टाकला की झालं. वेग वाढवला की सूरही चढतो, पण अर्धा सूर चढायला जवळपास सहा टक्के लागतात, त्यामुळे एवढ्याशा फरकाचा कुणाच्या कानाला पत्ता लागत नाही.

स्लाइडमध्ये टाळी दिसणार कशी, ही अडचण खरी आहे. त्यासाठी ओबीएसमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा माइक चालू ठेवायचा. तो आवाज भिकार असला तरी चालतो, त्याचं काम खुणेपुरतं, जोडणी झाली की बंद. मी टाळीऐवजी लाकडी फूटपट्टी टेबलावर आपटते. एडिटरमध्ये दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखात टाळीचा तरंग पसरट येतो, फूटपट्टीचा सुईसारखा उभा. दोन फाइली खाली-वर ठेवून झूम करत गेलात की ती सुई एका मिलिसेकंदाच्या आत पकडता येते. फूटपट्टी मात्र रेकॉर्डरच्या आणि लॅपटॉपच्या मधोमध आपटा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तीन मीटरला नऊ मिलिसेकंद खातो. टेबलावर हे नगण्य, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून रेकॉर्ड करणारेही आहेत.

डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत आणि केडेनलाइव्हमध्ये, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगच्या या दोन सॉफ्टवेअरमध्ये, तरंग बघून आपोआप जुळवायची सोय आहे. छान आहे, मी वापरते. पण ती फाइल सरकवते, ताणत नाही, त्यामुळे पन्नासाव्या मिनिटाचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. यासाठी पैसे भरून वेगळं सॉफ्टवेअर घेऊ नका.

मग मला वाटलं, आकडा एकदा काढला की कायमचा. बहिणीचा लॅपटॉप आणून त्याच रेकॉर्डरबरोबर लावला, तर पन्नास मिनिटांत फरक फक्त ०.१५ सेकंद. म्हणजे रेकॉर्डर एकटाच घाईत नाही, माझा लॅपटॉपही रेंगाळतो. दोन घड्याळं, दोघांचा आपापला स्फटिक, आणि स्फटिक तापमानाप्रमाणे थोडा बदलतो. मे महिन्यात लॅपटॉप तव्यासारखा तापतो तेव्हाचा आकडा आणि डिसेंबरचा आकडा एक येत नाही. त्यामुळे फूटपट्टी प्रत्येक लेक्चरला दोन्ही टोकांना. दोनाचे साडेतीन तारे केले. तपासणीच्या ५९० रुपयांसाठी अर्धा तारा अजून रोखून धरलाय.

रेकॉर्डर यूएसबीने लॅपटॉपला जोडून सरळ माइक म्हणून का वापरत नाही, हे विचाराल म्हणून: करून पाहिलं. आवाज ओबीएसमध्येच जातो, घसरणीचा प्रश्नच उरत नाही. पण चार्जर लावला की मागे भुणभुण, आणि चार्जर काढला तर माझी बॅटरी लेक्चर संपेपर्यंत टिकत नाही. शिवाय लॅपटॉप मध्येच हँग झाला तर चित्राबरोबर आवाजही गेला. वेगळ्या रेकॉर्डरवर निदान आवाज तरी वाचतो, स्लाइड पुन्हा फिरवता येतात. घोडबंदर रोडला राहून शांत तास मिळवणं किती अवघड आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. मेट्रोचं काम, खालची रिक्षांची रांग, वरच्यांचा मिक्सर. मिळालेला आवाज मी जीव गेला तरी पुसू देणार नाही.

बाकी किरकोळ. सेल आठवड्याला बदलावे लागतात, म्हणून चार्ज होणारे घेतले. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ ठेवलं तर तासाला एक जीबीच्या जरा वर फाइल होते. बोलण्यासाठी १६ बिट पुरे, सातशे एमबीच्या आत भागतं. लांब रेकॉर्डिंगच्या फाइली यंत्र आपणच तोडतं. ते तुकडे आधी जोडून घ्या आणि मगच दोन खुणांमधलं अंतर मोजा, नाहीतर हिशोब चुकतो.

घ्यावा का? व्हिडिओ दहा मिनिटांच्या आत असतील तर डोळे मिटून घ्या. माझ्या वाईट जोडीतही तेवढ्या वेळात फरक ०.०८ सेकंदच पडतो, सुरुवातीची एक खूण पुरते. तासाची लेक्चरं असतील तर घ्या आणि सोबत वीस रुपयांची लाकडी फूटपट्टी घ्या. स्टीलची नको, ती वाजल्यावर घुमत राहते. वॉरंटीत असेपर्यंत तपासणी फुकट आहे का, हे मात्र दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.