आठ महिने कॉन्सर्ट फिल्म पाहिल्यावर: कॅमेरा कुणापाशी थांबतो?

गेले आठ महिने मी आणि माझी भाची दर रविवारी एक कॉन्सर्ट फिल्म पाहतोय. काही तर चार-पाच वेळा झाल्या. पहिल्यांदा पाहताना फक्त मुख्य गायिका दिसते. तिसऱ्या खेपेला नजर मागे जाते, ड्रम वाजवणाऱ्याकडे, कोरसमधल्या बायकांकडे, कठड्याला टेकलेल्या प्रेक्षकांकडे. कोणती फिल्म खरंच सगळ्यांची आहे, ते तेव्हा कळतं.

सगळ्यात जास्त टिकली ती बियॉन्सेची 'होमकमिंग'. २०१८ च्या कोचेला या कॅलिफोर्नियातल्या मोठ्या संगीत महोत्सवात झालेले तिचे दोन कार्यक्रम तिने एकत्र गुंफलेत. एकदा पिवळे कपडे, एकदा गुलाबी, आणि गाणं चालू असतानाच रंग बदलतो. कोचेलाची मुख्य कलाकार होणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण ती एकटी मंचावर आली नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांची मार्चिंग बँडची अख्खी परंपरा घेऊन आली. उतरत्या पायऱ्यांवर पितळी वाद्यं, ड्रमलाइन म्हणजे ढोलवाल्यांची रांग, पायांनी ताल धरणारं स्टेपिंग. मधेमधे सराव दिसतो, घामाने भिजलेली पोरं दिसतात. त्यामुळे मंचावर तीच पोरं परत आली की ओळखीची वाटतात. पाचव्यांदा पाहतानाही मी त्यांनाच शोधत होते.

टेलर स्विफ्टच्या 'द एराज टूर'कडून (२०२३) माझी अपेक्षा मोठी होती. नर्तकांत वेगवेगळ्या वर्णांची, वेगवेगळ्या बांध्यांची माणसं आहेत. कॅमरॉन सॉन्डर्ससारखा भरल्या अंगाचा नर्तक इतक्या मोठ्या पडद्यावर इतक्या डौलात नाचतो, हे पाहून मला फार बरं वाटलं. पण पावणेतीन तासांच्या फिल्ममध्ये ही मंडळी डोळाभर दिसेपर्यंत कॅमेरा परत तिच्या चेहऱ्यावर जातो. निवड करताना दाखवलेली उदारता संकलनात आखडली, असं माझं मत झालं, आणि ते दुसऱ्यांदा पाहूनही बदललं नाही.

याउलट १९८४ ची 'स्टॉप मेकिंग सेन्स', टॉकिंग हेड्स या रॉक बँडची. बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटा येतो, मग एकेक वादक जोडला जातो, आणि दिग्दर्शक जोनाथन डेमी प्रत्येकाला निवांत वेळ देतो. कोरसमधल्या लिन मेब्री आणि एडना होल्ट नुसत्या मागे उभ्या राहून साथ करत नाहीत, बर्नच्या बरोबरीने धावतात. प्रेक्षक मात्र अगदी शेवटी दिसतात.

प्रेक्षकच पाहायचे तर 'वॉटस्टॅक्स' पाहा. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिसियममध्ये एक डॉलरच्या तिकिटावर लाखभर लोक जमले होते. कॅमेरा त्यांच्यातून फिरतो आणि तिथल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतल्या माणसांशीही बोलतो. 'समर ऑफ सोल' पाहताना मात्र राग येतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत १९६९ साली झालेल्या महोत्सवाचं चित्रीकरण जवळपास ५० वर्षं पडून राहिलं, कारण ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. लहानपणी तिथे गेलेला एक माणूस आता ती दृश्यं पाहतो आणि त्याचे डोळे भरून येतात. आपण पाहिलं ते खरंच घडलं होतं, याचा पुरावा त्याला इतक्या उशिरा मिळाला.

आता तक्रार. भाचीला कमी ऐकू येतं, ती श्रवणयंत्र लावते. आम्ही वापरतो त्या ॲपवर मुख्य गायिकेचे शब्द पडद्याखाली उमटतात, कोरस सुरू झाला की नुसतं 'संगीत' असं येतं. कोण गातंय, काय गातंय, काही नाही. ज्या बायकांना कॅमेऱ्याने जागा दिली, त्यांचा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाही. दोनदा कळवलं, उत्तर नाही. तोवर कोरसच्या ओळी मी वहीत लिहून तिच्यापुढे धरते.

बीटीएस या कोरियन गटाच्या 'पर्मिशन टू डान्स' या गाण्याला मात्र वही लागत नाही. त्या नाचात सांकेतिक भाषेतल्या आनंद, नाच आणि शांतता यांच्या खुणा आहेत. ते गाणं लागलं की ती माझ्याकडे बघत नाही, हात वर करून सरळ पडद्यासमोर उभी राहते.